ग्रीसचा पिलिओ : डोंगर आणि समुद्र एकाच मुक्कामात

केतकी_पिरेअस (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या जहाज कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही गेली काही वर्षं पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, राहतो. उन्हाळा आला की भारतातून ओळखीच्या कोणाचा तरी फोन येतोच, "ग्रीसला यायचं ठरतंय. सांतोरिनी, मिकोनोस धरलंय, अजून काय बघू?" मी दरवेळी पिलिओचं नाव घेते आणि समोरून "ते कुठे आलं?" असं येतं. इथेही शोधून पाहिलं, पिलिओवर एकही धागा दिसला नाही. म्हणून हा काढते आहे. माहिती असलेल्यांनी भर घाला, विचारायचं असेल त्यांनी मनमोकळं विचारा.

अथेन्सच्या उत्तरेला साधारण ३३० किलोमीटरवर व्होलोस हे बंदर आहे. तिथून जमिनीचा एक डोंगराळ पट्टा समुद्रात शिरतो आणि पुढे आकड्यासारखा आत वळतो. तोच पिलिओ. इंग्रजी नकाशात पेलिऑन लिहिलेलं दिसेल. आकड्याच्या आत पागासिटिकोस आखात, बाहेर मोकळा एजियन समुद्र, आणि मध्ये १,६०० मीटरहून उंच डोंगर. हिवाळ्यात या डोंगरावर बर्फात घसरायला लोक येतात आणि तिथून तासाभरात गाडीने समुद्राकाठी उतरता येतं. ग्रीस म्हटलं की पांढरी घरं, निळे घुमट आणि बोडके खडक डोळ्यांसमोर येतात. त्यातलं इथे काहीच नाही. चेस्टनट आणि बीच या झाडांचं दाट रान, सफरचंदाच्या बागा, ओहोळ, दगडी घरं आणि त्यांच्यावर राखाडी पाथरीची छपरं.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या : पूर्व पिलिओ आणि पश्चिम पिलिओ ही जवळजवळ दोन वेगळी गावं समजा. पूर्वेकडे पाऊस जास्त, त्यामुळे हिरवाई. झागोरा, किसोस, मुरेसी, त्सागाराडा ही गावं डोंगराच्या अंगावर चारपाचशे मीटरवर आणि त्यांचे किनारे खाली. पाणी स्वच्छ आणि खोल, पण वारा सुटला की लाटा उसळतात. पश्चिमेकडे ऑलिव्हच्या बागा आणि आखाताचं संथ, उबदार पाणी. काला नेरा, अफिसोस, मिलिना हे किनारे लहान मुलांना आणि पोहायला धास्तावणाऱ्यांना बरे. मिलिएस आणि विझित्सा ही डोंगरातली गावंही याच बाजूला.

दोन्ही बाजू एका मुक्कामातून उरकू नका, हे माझं कळकळीचं सांगणं. नकाशावर अंतर हाताच्या चार बोटांएवढं दिसतं, पण रस्ता वळणावळणाचा आहे आणि अर्धा दिवस गाडीतच जातो. एक बाजू निवडा, एक गाव निवडा आणि तिथेच राहा. सकाळी चौकातल्या चिनार वृक्षाखाली कॉफी, मग पायवाटेने खाली समुद्र, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी पुन्हा चौक. पिलिओत बघायचं ते हेच.

चौकाबद्दल थोडं सांगते. प्रत्येक गावाला एक फरसबंद चौक, त्यात एक प्रचंड चिनार, एक चर्च, पाण्याची एक दगडी धार आणि एखाद-दोन कॅफेनिओ, म्हणजे गावातली कॉफीची दुकानं. धारेचं पाणी डोंगरातून येतं, गावकरी तेच पितात. त्सागाराडात आयिया पारास्केव्हीच्या चौकातला चिनार हजार वर्षांचा असल्याचं सांगतात. आठदहा माणसांनी हात पसरून कडं केलं तरच बुंध्याला कवेत घेता येईल. कॅफेनिओत 'गोड' मागितलंत तर चमच्याचा मुरांबा येतो. काचेच्या लहानशा बशीत साखरेच्या पाकातलं अख्खं फळ (आंबट चेरी, कोवळं अंजीर, कधी छोटी वांगीसुद्धा), एक चमचा आणि गार पाण्याचा ग्लास. विझित्सात बायकांची सहकारी संस्था आहे, तिथले हे मुरांबे नामांकित आहेत. घरी न्यायचं काही असेल तर ते न्या, फ्रिजवर लावायचे, कारखान्यात बनलेले चुंबक नकोत.

आणि राहायचं ते जुन्या वाड्यात राहा. यांना आर्खोन्तिको म्हणतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथल्या लोकांनी रेशीम आणि लोकरीच्या व्यापारात पैसा केला, पुढे पुष्कळ जण इजिप्तला गेले आणि तिथली कमाई गावात घरं बांधण्यात घातली. तळमजल्याच्या भिंती जाड दगडाच्या आणि खिडक्या अगदी लहान, बंदोबस्तासाठी. वरचा मजला लाकडी सांगाड्याचा, हलका, बाहेर झुकलेला, त्याला ओळीने खिडक्या आणि वर रंगीत काचा. थंडीत कुटुंब मधल्या मजल्यावर आणि उन्हाळ्यात वरच्या, अशी राहायची रीत. मधल्या काळात गावं ओस पडली आणि वाडे पडायला आले. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी पर्यटन खात्याने माक्रिनित्सा आणि विझित्सातले काही वाडे दुरुस्त करून त्यांत पाहुण्यांची सोय केली. त्यानंतर खाजगी मालकांनीही ते उचललं. आज त्या लाकडी तक्तपोशीखाली झोपायला मिळतं ते त्यामुळे.

सध्या एवढंच. जेवण, वाहतूक, पायवाटा यांवर प्रश्न येतील तसं लिहिते.

सह्यभ्रमर

वाखू (वाचनखूण) साठवली. चिनाराच्या वर्णनाने कधी एकदा जातोय असं झालं. मला पायवाटांबद्दल जाणून घ्यायचं आहे. युरोपात ट्रेक म्हटलं की सगळे आल्प्सकडे धावतात. इथे दिवसभराच्या चाली आहेत का, आणि पायाखाली काय असतं, माती की दगड?

केतकी_पिरेअस

सह्यभ्रमर, तुमच्यासाठी तर हा प्रदेश म्हणजे पर्वणी आहे. इथल्या जुन्या वाटांना काल्देरिमी म्हणतात. मोटाररस्ते होण्याआधी गावातून गावात आणि गावातून बंदरात जाणारी सगळी ये-जा खेचरांवरून चालायची, त्यासाठी या वाटा दगडांनी फरसबंद केल्या. जवळून बघा, बांधणी विचारपूर्वक केलेली आहे. लहान दगड उभे ठोकून बसवलेले, आणि दर दोनचार पावलांवर लांब दगडांची एक आडवी रांग, थोडी वर आलेली. उतारावर लादलेल्या खेचराचा खूर तिथे अडकतो आणि पावसाचं पाणीही तिथेच वाटेबाहेर वळतं. माणसांनाही त्याचा आधार होतो. फक्त ओल्या पानांनी झाकलेली पाथरी फार निसरडी होते, तेव्हा बूट चांगल्या पकडीचे हवेत.

पहिल्यांदा जाणाऱ्याने त्सागाराडा ते दामुहारी ही वाट करावी. चौकातून निघायचं, चेस्टनटच्या सावलीतून ऑलिव्हमध्ये उतरायचं, आणि शेवटच्या टप्प्यात कड्याच्या कडेने नागमोडी वळणं घेत थेट लहानशा बंदरात. उतरायला दीड तास धरा, चढायला त्याहून बराच जास्त. दामुहारी म्हणजे किनाऱ्याचे दोन छोटे कोपरे, एका व्हेनेशियन किल्ल्याचे अवशेष आणि पाण्यापर्यंत आलेली ऑलिव्हची झाडं. २००८ साली आलेल्या एका गाजलेल्या हॉलिवूड संगीतपटाचं थोडं चित्रीकरण इथे झालं होतं, पण गाव त्याने बदललेलं नाही. पुढे आयिओस इओआनिसपर्यंत किनाऱ्यालगत वाट जाते. तिथे टॅक्सी मिळते, म्हणजे परतीचा चढ टाळता येतो.

म्युनिककर_मंदार

आम्ही म्युनिकहून गाडीने गेलो होतो, धागा वाचून सगळं परत आठवलं. केतकीताईंच्या एका मुद्द्याशी मात्र सहमत नाही. गाडी हाताशी असेल तर एका बाजूला अडकून का बसायचं? आम्ही मिलिएसला राहून दोन्हीकडचे किनारे केले. पूर्वेकडच्या मिलोपोतामोसला खडकाच्या भोकातून एका पुळणीवरून दुसऱ्या पुळणीवर जायचं, ते चुकवणं म्हणजे पिलिओ अर्धवट सोडणं.

केतकी_पिरेअस

मंदार, मिलिएस खिंडीजवळ आहे, तिथून दोन्हीकडे जमतं हे खरं. पण मिलोपोतामोसचंच बघा. पूर्वेच्या किनाऱ्यांच्या पाठीशी डोंगर उभा आहे, त्यामुळे दुपार कलली की सूर्य डोंगराआड जातो आणि पुळणीवर लवकर सावली येते. पश्चिमेकडून नाश्ता करून, वळणं पार करून पोचेपर्यंत अर्धं ऊन सरलेलं असतं. तेच त्सागाराडाला राहिलात तर सकाळी आठला पाण्यात असता आणि किनाऱ्यावर दुसरं कोणी नसतं. तुम्ही ते भोक पाहिलंत, पण गर्दीत. शांत पाहायचं तर तिथेच राहायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

म्युनिककर_मंदार

सकाळी आठचा मुद्दा मान्य. आम्ही गेलो तेव्हा गाडी लावायला जागा मिळेपर्यंतच घाम निघाला होता.

गाडीचा विषय निघालाच आहे तर भारतातून येणाऱ्यांसाठी : भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून घ्या, ग्रीसमध्ये तो लागतो. गाडी लहानात लहान घ्या. गावातले रस्ते असे अरुंद आहेत की समोरून बस आली तर कोणाला तरी मागे जावंच लागतं. आणि बस मागे जात नाही.

इतिहासाची_विद्यार्थिनी

पूर्वेच्या लाटांचा उल्लेख आला म्हणून. इसवी सनपूर्व ४८० मध्ये इराणी राजा झर्क्सिसचं आरमार ग्रीसवर स्वारी करायला दक्षिणेकडे निघालं असताना याच किनाऱ्यावर वादळात सापडलं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय की निदान ४०० जहाजं फुटली. नांगर टाकायला आसरा नसलेला खडकाळ किनारा आणि उत्तर-पूर्वेचा वारा. म्हणजे "पूर्वेकडे वारा पाहून पाण्यात उतरा" हा सल्ला अडीच हजार वर्षं जुना आहे.

याच डोंगरावर ग्रीक पुराणकथेतला खिरोन राहायचा, अर्धा माणूस अर्धा घोडा. अखिलेस (अकिलिस) आणि इयासोन (जेसन) हे वीर आणि वैद्यकाचा देव अस्क्लिपिओस हे तिघे त्याचे शिष्य. इयासोनचं आर्गो जहाज निघालं ते आजच्या व्होलोसजवळच्या इओल्कोसहून. पिलिओवर औषधी वनस्पती आजही भरपूर, त्यामुळे वैद्याची कथा याच डोंगराला का चिकटली ते समजतं.

मला मात्र मिलिएसचं जास्त अप्रूप आहे. एवढ्याशा गावात १८१४ साली शाळा आणि ग्रंथालय उभं राहिलं, आन्थिमोस गाझिस, ग्रिगोरिओस कोन्स्तान्दास आणि दानिइल फिलिपिदिस यांच्या खटपटीतून. पुस्तकं युरोपभरातून जमवली. याच गाझिसने मे १८२१ मध्ये चौकात तुर्कांविरुद्ध उठावाचा झेंडा उभारला. उठाव चिरडला गेला आणि थेसली, म्हणजे पिलिओ ज्यात येतो तो प्रांत, ग्रीसला मिळायला १८८१ उजाडलं. ते ग्रंथालय अजून आहे, जुनी पुस्तकं बघता येतात. शेजारचं ताक्सियार्खिस चर्च बाहेरून साधं वाटेल, पण आत जाच, भिंती चित्रांनी भरून गेल्या आहेत.

सुलभा_शाकाहारी

सगळं वाचून जायची इच्छा झाली, पण आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. डोंगरातल्या गावात काय खायचं? ब्रेड आणि सॅलडवर आठवडा काढायची तयारी नाही, आणि सासूबाई बरोबर असणार आहेत.

केतकी_पिरेअस

सुलभाताई, निर्धास्त या. ग्रीक खेड्यांत उपास भरपूर पाळतात, ईस्टरआधीचे चाळीस दिवस, ऑगस्टचा पहिला पंधरवडा, शिवाय बुधवार आणि शुक्रवार. त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे प्रत्येक स्वयंपाकघराला बिनदुधाचं, बिनअंड्याचं जेवण करता येतं. 'निस्तीसिमो' (उपासाचं) एवढा एक शब्द पाठ करा.

फक्त एक सावधगिरी. त्यांच्या उपासाला शिंपले, कोळंबी, माकूळ आणि आठपायी ऑक्टोपस चालतात. म्हणून 'निस्तीसिमो'च्या पुढे "समुद्रातलंही काही नको" हे सांगायचंच. आणि भरलेले टोमॅटो-मिरच्या, म्हणजे येमिस्ता, मागवताना खिमा नाही ना ते विचारा, काही ठिकाणी घालतात.

काय मागवाल : यिगान्देस म्हणजे मोठे पांढरे घेवड्याचे दाणे, टोमॅटोत भाजलेले. लादेरा, म्हणजे भेंडी, श्रावणघेवडा, वांगी अशा भाज्या ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या. फावा, पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, वरून कच्चा कांदा आणि तेल. होर्ता, उकडलेल्या रानभाज्या लिंबू पिळून. पिलिओची खास वस्तू म्हणजे त्सित्सिराव्ला, रानपिस्त्याच्या कोवळ्या कोंबांचं आंबट लोणचं. ते सासूबाईंना नक्की आवडेल. मिलिएसला स्टेशनकडे जाताना बेकरीत चीज घातलेली आणि ऑलिव्ह घातलेली पाव-भाकरी मिळते, सकाळी गरम असताना घ्या. स्पेत्झोफाई हा इथला नावाजलेला पदार्थ, पण तो सॉसेजचा, तेव्हा तुम्ही लांबच राहा.

जैन पद्धतीचं मात्र अवघड आहे. कांदा सगळ्यात असतो.

सुलभा_शाकाहारी

जीव भांड्यात पडला. भेंडी मिळते हे वाचून सासूबाई आत्ताच तयार झाल्या.

रेल्वेवेडा

मी वाट बघत होतो की कोणीतरी आगगाडीचा विषय काढेल! पिलिओची छोटी रेल्वे म्हणजे अरुंद मार्गांच्या चाहत्यांसाठी पंढरी. रुळांमधलं अंतर ६०० मिलिमीटर. आपल्या माथेरानचं ६१०, म्हणजे जवळपास सख्खी बहीण. व्होलोस ते लेहोनिआ १८९५ साली सुरू झाली, १९०३ मध्ये मिलिएसपर्यंत पोचली. माथेरान १९०७ चं. लाइन १९७१ ला बंद पडली. १९९६ पासून आनो लेहोनिआ ते मिलिएस हा १५ किलोमीटरचा वरचा भाग पर्यटकांसाठी चालवायला घेतला. वेग इतका कमी की एवढ्या अंतराला दीड तास लागतो.

मार्ग आखला एवारिस्तो दे किरिको या इटालियन इंजिनिअरने. त्याचा मुलगा जॉर्जो १८८८ साली व्होलोसलाच जन्मला आणि पुढे मोठा चित्रकार झाला. त्याच्या चित्रांच्या क्षितिजावर धूर सोडत जाणारी आगगाडी वारंवार दिसते.

मिलिएसच्या अलीकडे एका दरीवर एवारिस्तोचा लोखंडी पूल आहे. पूल सरळ आहे पण त्यावरचे रूळ वळणात आहेत! वळणावर पूल बांधायचा तर लोखंडी तुळया वाकवायच्या कशा, म्हणून त्याने पूल सरळ आणि थोडा रुंद ठेवला आणि रूळ त्याच्यावरून तिरपे वळवत नेले. स्टेशनवरून रुळांच्या कडेने चालत गेलं की हा पूल गाठता येतो. गाडी मुख्यतः शनिवार-रविवारी आणि उन्हाळ्याच्या हंगामात असते. वेळापत्रक दरवर्षी बदलतं, ते ग्रीक रेल्वेच्या संकेतस्थळावर बघूनच दिवस ठरवा. पूल पाहायला गाडी असलीच पाहिजे असं नाही.

चिपळूणचे_नाना

लेख आणि प्रतिसाद, दोन्ही छान. एक विचारू का? २०२३ च्या सप्टेंबरात ग्रीसच्या पुराच्या बातम्या बघितल्या होत्या, त्यात व्होलोसचं नाव ऐकल्यासारखं वाटतं. आमच्या चिपळुणात २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं होतं, त्यामुळे अशी बातमी आली की नजर तिथेच थांबते. आता तिथे लोक सावरले आहेत का?

केतकी_पिरेअस

नाना, विचारलंत ते फार बरं झालं. सप्टेंबर २०२३ च्या सुरुवातीला दानिएल नावाचं वादळ आलं. पिलिओतल्या झागोराला एका दिवसात ७५० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला ९४४ पडला होता, त्यावरून अंदाज येईल. फरक असा की आपल्याकडे दर पावसाळ्यात थोडीफार सवय असते, इथे कोरड्या उन्हाळ्यानंतर हे कोसळलं. ओढ्यांनी रस्ते आणि पूल नेले, किनाऱ्यावरच्या गावांत दगडगोट्यांचे ढीग आले. त्याच महिन्याच्या शेवटी दुसरं वादळ आलं आणि व्होलोस शहरात पाणी शिरलं.

माणसं जिद्दीची आहेत. रस्ते खुले झाले, खानावळी उघडल्या. काही ठिकाणी डोंगरउतारावर आणि पुळणींवर खुणा अजून दिसतात. ज्या काल्देरिमीवर जायचं आहे ती चालू आहे का हे मुक्कामाच्या घरी विचारून निघा, गावकऱ्यांना रोजची खबर असते. बुकिंग करताना सहल कंपनीच्या मोठ्या हॉटेलऐवजी गावातल्याच कोणाच्या घरी खोली घ्या, जेवण चौकातल्या खानावळीत घ्या, सफरचंद बागेतून घ्या. झागोराच्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था १९१६ पासून चालू आहे, त्यांची सफरचंदं अथेन्सच्या बाजारातही हमखास मिळतात. पैसा थेट तिथल्या घरात गेला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

चिपळूणचे_नाना

धन्यवाद. सहकारी संस्था शंभर वर्षं टिकली आहे आणि पुरातूनही उभी राहिली, हे वाचून फार बरं वाटलं.

मोरपंखी

मध्येच एक शंका. व्होलोसच्या किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच, असे फोटो पाहिले होते. तिथलं पाणी पोहायला बरं आहे ना?

इतिहासाची_विद्यार्थिनी

ते ऑगस्ट २०२४ चं. दानिएलच्या पुराने थेसलीच्या सखल भागातलं कार्ला सरोवर पुन्हा पसरलं आणि त्यात गोड्या पाण्यातले मासे वाढले. पुढच्या उन्हाळ्यात पाणी ओसरताना ते वाहत आखातात आले आणि खाऱ्या पाण्यात मेले. बंदराजवळचा प्रकार होता आणि तो तेव्हाच साफ केला गेला. अफिसोस, मिलिना वगैरे किनारे तिथून बरेच दूर आहेत, आणि पूर्वेच्या एजियनचा तर त्याच्याशी संबंधच नाही.

म्युनिककर_मंदार

आणि व्होलोसला पाठ फिरवू नका, निदान एक जेवण तरी तिथे घ्या. १९५५ च्या भूकंपांनी जुनं शहर पाडलं, म्हणून इमारती साध्याच आहेत, पण बंदरावरच्या त्सिपुरादिको खानावळींसाठी ग्रीक लोक लांबून येतात. त्सिपुरो म्हणजे द्राक्षाच्या चोथ्याची दारू. ५० मिलिमीटरच्या... माफ करा, मिलिलिटरच्या इवल्या बाटल्यांत येते, बडीशेपेच्या वासाची किंवा बिनवासाची. प्रत्येक बाटलीबरोबर एक बशी खाणं येतं आणि ते काय असेल हे आपण ठरवत नाही. पहिलीला लोणचं आणि खारे मासे, पुढे शिंपले, मग तळलेलं काहीतरी, बाटली वाढेल तशी बशी चढत जाते. १९२२ नंतर आशिया मायनरमधून (आजच्या तुर्कस्तानातून) आलेल्या निर्वासितांनी ही रीत इथे रुजवली. दुपारी जायचं, घाई करायची नाही, आणि गाडी अजिबात चालवायची नाही.

सुलभा_शाकाहारी

आम्ही पीत नाही, आणि बशीत मासेच असतील तर आमचं काय?

म्युनिककर_मंदार

आधी सांगितलंत तर भाजीच्या बशा पाठवतात, आमच्या टेबलावर एक शाकाहारी मैत्रीण होती. भाजलेली मिरची, तळलेले दुधीसारखे काप, फावा असं येत राहिलं. न पिणाऱ्याने लिंबूसोडा घ्यावा आणि खाणं वेगळं मागवावं, कोणी वाकडं बघत नाही.

केतकी_पिरेअस

आणि जेवण झाल्यावर व्होलोसच्या वेशीवर आनाकासियाला जा. थेओफिलोस हा गरीब, फिरस्ता चित्रकार वर्षानुवर्षं पिलिओत गावोगाव हिंडायचा आणि जेवणाच्या बदल्यात खानावळींच्या, दुकानांच्या भिंती रंगवायचा. लोक त्याची टिंगल करत. आनाकासियात कोन्दोस यांच्या वाड्याच्या भिंती त्याने १९१२ साली रंगवल्या. त्या वाड्याचंच आता संग्रहालय आहे. स्वातंत्र्ययुद्धातले वीर, ग्रीक देवदेवता, फुलझाडं, सगळं ठळक, निखळ रंगांत. माक्रिनित्साच्या चौकातल्या कॅफेतही त्याचं एक भित्तिचित्र आहे, कॉफी पिता पिता बघता येतं. १९३४ मध्ये लेस्वोस बेटावर तो वारला, तेव्हा त्याची चित्रं कुठल्याच संग्रहालयात नव्हती. माझ्या मते पिलिओत येऊन हे घर न पाहणं हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल.

सह्यभ्रमर

कुठल्या महिन्यात यावं? मला चालायचं आहे, बायकोला पोहायचं आहे.

केतकी_पिरेअस

तुम्हा दोघांसाठी जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर. मेमध्ये फुलं आणि चालणं उत्तम, पण पाणी गार. सप्टेंबरात समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि सफरचंदं उतरवायला सुरुवात होते. ऑक्टोबरात चेस्टनट आणि पानगळीचे रंग, पण पोहण्याचा भरवसा नाही.

१५ ऑगस्टच्या आसपास टाळा, मरियमच्या सणाला अख्खा ग्रीस गावी जातो आणि खोल्या मिळत नाहीत. गर्दी चालणार असेल तर २६ जुलैला आयिया पारास्केव्हीचा सण त्सागाराडात बघण्यासारखा असतो. चिनाराखाली टेबलं मांडतात, क्लॅरिनेट वाजतं, म्हातारी माणसंसुद्धा हात धरून नाचतात.

दुपारी साधारण तीन ते साडेपाच गाव झोपतं. त्या वेळेत मोठ्याने बोलणं, गाडीत गाणी लावणं, दार वाजवणं टाळा. दुकानंही बंद असतात, तेव्हा पाणी आणि फळं आधी घेऊन ठेवा.

मोरपंखी

गाडी चालवता न येणाऱ्यांनी काय करावं? मी एकटी येणार आहे आणि व्हिसापासून सुरुवात आहे.

केतकी_पिरेअस

मोरपंखी, एकटीने यायला अगदी चांगली जागा आहे. व्हिसा नेहमीचा शेंगेन, शुल्क ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. उन्हाळ्यात तारखा भरतात, मार्चमध्येच अर्ज करा. अथेन्सच्या लिओसिओन बसस्थानकावरून व्होलोसला थेट बस आहे, चार तासांच्या आसपास. व्होलोसहून मिलिएस, त्सागाराडा, झागोरा अशा गावांच्या बसा सुटतात, पण दिवसाला मोजक्याच, आणि रविवारी आणखी कमी. म्हणून अथेन्सहून सकाळची पहिली बस पकडा. चुकलात तर रात्र व्होलोसला काढावी लागेल किंवा टॅक्सीला बरेच पैसे जातील.

गाडी नसेल तर त्सागाराडापेक्षा मिलिएस सोयीचं. विझित्सा तिथून चालत जाण्यासारखं, रेल्वे आणि पूल हाताशी, काला नेराच्या किनाऱ्याला बस. पूर्वेकडेच जायचं असेल तर आयिओस इओआनिसला राहा, किनाऱ्यावरच दुकानं आणि खानावळी आहेत, दामुहारी पायी गाठता येतं. सामान पाठपिशवीत आणा. चाकांची बॅग फरसबंदीवर चालत नाही, आणि वाड्यापर्यंत शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी पायऱ्यांचाच असतो. घरमालकांना आधी कळवलंत तर ते बसथांब्यावर घ्यायला येतात.

मुक्कामाच्या दरावर दर रात्रीचा सरकारी कर वेगळा असतो, तो तिथे पोचल्यावर घेतात. खेड्यांत कार्ड चालतं, पण थोडे रोख युरो व्होलोसलाच काढून ठेवा.

सुलभा_शाकाहारी

सासूबाईंचे गुडघे दुखतात. पायऱ्यांचं वाचून काळजी वाटली. त्यांना कुठे ठेवावं?

केतकी_पिरेअस

मग तुम्ही अफिसोस किंवा काला नेरा धरा, दोन्ही पश्चिमेला. पाण्यालगत सपाट रस्ता, संथ समुद्र, बाकावर बसून संध्याकाळचा सूर्यास्त दिसतो. अफिसोसमध्ये खोली मात्र खालच्या चौकाजवळच घ्या, वरचं गाव चढावर आहे. एक दिवस टॅक्सी ठरवून त्यांना विझित्साच्या चौकात घेऊन जा, गाडी अगदी जवळपर्यंत जाते. तळमजल्याची खोली हवी असं बुकिंग करतानाच लिहा. कुठली घरं बरी हे माझ्या विपूत (विचारपुशीत) विचारलंत तर सांगते, इथे नावं देत नाही.